इमारत ‘जुळत नाही’ म्हणजे काय? इसाक्वा शहराचं प्रकरण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेला, कूगर, स्क्वॉक आणि टायगर या डोंगरांच्या पायथ्याशी इसाक्वा हे शहर आहे. १९८८ साली तिथल्या गिलमन बुलेवार्ड या रस्त्यावर दुकानांची एक इमारत बांधण्यासाठी अर्ज आला. क्षेत्रफळ ६,८०० चौरस फूट, आत काही गाळे. जागा व्यापारी वापरासाठीच राखून ठेवलेली होती, त्यामुळे तिथे दुकानं होण्याला कुणाची हरकत नव्हती. शहराच्या वेगवेगळ्या खात्यांनी नकाशे तपासले. दिसण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तर प्रस्ताव जमीन वापराच्या सगळ्या नियमांत बसत होता, आणि यावर पुढे कोर्टातही वाद झाला नाही. तरीही परवानगी मिळाली नाही, आणि त्याचं कारण इमारत कशी दिसते हे होतं.

पुढे हे प्रकरण ‘अँडरसन विरुद्ध इसाक्वा शहर’ म्हणून ओळखलं गेलं. स्थानिक संस्थेने इमारतीच्या देखणेपणाची तपासणी करावी का, आणि केलीच तर कशी, यावर बोलताना आजही त्याचा दाखला दिला जातो. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात खलनायक कुणीच नाही. अर्जदार नियम मोडू पाहत नव्हते. समितीतल्या माणसांना लाच नको होती आणि कुणाशी वैरही नव्हतं, त्यांचं आपल्या गावावर मनापासून प्रेम होतं. तरी शेवटी एका नागरिकावर अन्याय झाला. तो कसा झाला, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

इमारत आणि तिचा शेजार

मूळ आराखड्यात बाहेरून मोतिया रंगाचा गिलावा होता आणि वर निळ्या पत्र्याचं छप्पर. पुढच्या बाजूला दुकानांना असतात तशा मोठाल्या काचेच्या खिडक्या. मागची भिंत मात्र गोदामासारखी सलग होती, तिला कुठे खाच नाही की उठाव नाही. शैली ‘आधुनिक’. मला विचाराल तर ही काही नाव काढावं अशी इमारत नव्हती. विशेषतः ती मागची भिंत मलाही खटकली असती.

शेजारच्या भूखंडावर शहराने व्हिक्टोरियन काळातलं एक राहतं घर दुसरीकडून उचलून आणून बसवलं होतं, पाहुण्यांच्या माहिती केंद्रासाठी. त्याचं नाव अलेक्झांडर हाउस. रस्त्याच्या पलीकडे पेट्रोल पंप होता. निकालपत्रात त्याचं वर्णन ‘पेट्रोल पंपासारखाच दिसणारा पेट्रोल पंप’ असं केलेलं आहे. नजरेच्या टप्प्यात आणखी दोन पंप, स्थानिक शैलीत बांधलेली एक बँक, ‘खोक्यासारखी’ म्हणून नोंद झालेला एका सामाजिक संस्थेचा हॉल, गाड्या दुरुस्त करणारं गॅरेज, आणि प्राण्यांचा दवाखाना. त्या दवाखान्याला लागून कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी तारेच्या जाळीचं कुंपण. जुनं गाव संपून नव्या धाटणीचं बांधकाम सुरू होण्याच्या सीमेवरचा हा पट्टा.

अशा ठिकाणी ‘शेजाराशी जुळवून घ्या’ असं सांगितलं, तर शेजार म्हणून कुणाला धरायचं? व्हिक्टोरियन घराला, बँकेला की पंपाला? सगळं प्रकरण शेवटपर्यंत या प्रश्नापाशी अडून राहिलं.

नियमात काय लिहिलं होतं

इसाक्वाच्या नगरसंहितेत इमारतींच्या रचनेविषयी एक कलम होतं. त्यातल्या अपेक्षा साधारण अशा: शेजारच्या इमारतींची शैली वेगळी असेल तर आडोसा, मधली मोकळी जागा किंवा अन्य योग्य उपायांनी नव्या इमारतीचा मेळ घालावा. पोत, रेषा आणि घनाकार यांत सुसंवाद असावा. दऱ्या-डोंगरांच्या नैसर्गिक पार्श्वभूमीशी इमारतीचं नातं असावं. खिडक्या, दारं, छपराच्या पुढे आलेल्या कडा आणि कठडे यांची प्रमाणं ‘योग्य’ असावीत. रंग ‘सुसंवादी’ असावेत, भडक रंग अगदी थोड्या उठावापुरतेच. एकसुरीपणा टाळावा. प्रकल्प ‘रंजक’ व्हावा असा प्रयत्न असावा.

वाचताना यातल्या एकाही वाक्याला नाही म्हणावंसं वाटत नाही. भडक, बेढब, एकसुरी इमारत कुणाला हवी असते? पण आता हीच वाक्यं हातात घेऊन ड्रॉइंग बोर्डापाशी बसा. खिडकीची रुंदी किती ठेवायची? गिलावा चालेल की विटाच हव्यात? छपराला उतार हवा का? निळा रंग ‘भडक’ कधीपासून धरायचा? कलमाकडून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. इमारत बघणाऱ्याला काय वाटायला हवं, एवढंच ते सांगतं. ते वाटावं म्हणून आखणाऱ्याने काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही.

कलम लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. सौंदर्य शब्दांत पकडायला गेलं की भाषा अशीच निसटते. त्यातून मोकळीक ठेवावी, वास्तुरचनाकाराचे हात बांधू नयेत, हा चांगला हेतूही असतो. पण ती मोकळीक तपासणाऱ्याच्या वाट्याला जाते, आखणाऱ्याला तिचा काहीच उपयोग होत नाही.

चार बैठका

अर्ज शहराच्या विकास आयोगापुढे गेला. मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार याच आयोगाला होता. पहिली बैठक २१ डिसेंबर १९८८ रोजी झाली. एका सदस्याचं म्हणणं पडलं की दर्शनी भाग आसपासच्या परिसराच्या कल्पनेत बसत नाही. दुसऱ्याने दुजोरा दिला. रंगावर आक्षेप आला. इमारत ‘इसाक्वाच्या प्रतिमेशी’ मिळतीजुळती नाही, असंही सांगण्यात आलं. कुणाला दर्शनी भागात अधिक खोली हवी होती, तर कुणाला मागच्या कोऱ्या भिंतीवर काहीतरी पाहण्यासारखं.

अर्जदार नकाशे घेऊन परत गेले. पुढच्या बैठकांपर्यंत मोतिया रंग जाऊन ‘केप कॉड’ करडा आला, त्याला ‘टाहो’ निळ्या रंगाची किनार आली. पुढच्या बाजूला विटा आल्या. मागच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या आल्या, आणि ती भिंत सलग दिसू नये म्हणून तिच्यापुढे झाडंही आली. म्हणजे आयोगाने जे काही बोट दाखवून सांगितलं होतं, त्यावर अर्जदारांनी काम केलं होतं. आयोगाचं समाधान मात्र होत नव्हतं. गिलमन बुलेवार्डवरून गाडीने जाताना मनात एक विशिष्ट भावना येते आणि या इमारतीकडे पाहून ती येत नाही, असं एका सदस्याने सांगितलं. अर्जदारांनी त्या रस्त्यावरून एकदा फेरी मारावी, सपाट दर्शनी भागांचं इतरांनी काय केलंय याची चांगली-वाईट उदाहरणं पाहावीत, अशीही सूचना झाली.

नोंदींमधला सगळ्यात बोलका भाग याच बैठकांतला आहे. एका सदस्याने स्वतःच ती फेरी मारली आणि आपली निरीक्षणं लिहून आणली. मला या रस्त्यावर वीट, लाकूड आणि कौलं यांचा भरपूर वापर दिसतो, असं त्याने नोंदवलं. गिलावा अगदी कमी. रंग बहुतेक मातकट, टोकाचा विरोध टाळणारे. आडव्या-उभ्या रेषा मोडण्यासाठी छपराचे त्रिकोणी माथे, पुढे काढलेल्या खिडक्या, आत घेतलेले दर्शनी भाग, ओसऱ्या, कठडे, भरपूर खांब. लांब उतरती, ठळक दिसणारी छपरं आणि त्यांच्या बऱ्याच पुढे आलेल्या कडा. खिडक्यांच्या वर आणि खाली पट्ट्या. जमिनीपर्यंत उतरणारी खिडकी एकही नाही. शहराची ओळख सांगणारा हा रस्ता आहे आणि त्याचं वेगळेपण या गोष्टींत आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

हे निवेदन मी जितक्या वेळा वाचतो, तितका त्या माणसाबद्दल आदर वाटतो. त्याने खरंच पाहिलं होतं. संहितेच्या अख्ख्या कलमात जे नव्हतं ते या कागदावर होतं: साहित्याची नावं, खिडकी कुठवर उतरते, छप्पर कसं आहे. ‘जमिनीपर्यंत खिडकी नको’ हे फूटपट्टीने तपासता येतं. ‘गिलावा कमी, वीट जास्त’ याचं प्रमाण ठरवता येतं. चांगल्या नियमाचा हा कच्चा मसुदा होता. पण तो तयार झाला अर्ज दाखल झाल्यानंतर, नकाशे बदलून झाल्यानंतर, अर्जदार समोर उभे असताना. आणि तो एका माणसाचा होता, शहराने स्वीकारलेला नव्हता. हाच कागद चार-पाच वर्षं आधी, जाहीर हरकती-सूचना मागवून संहितेत गेला असता, तर माझ्या मते शहराची बाजू भक्कम झाली असती. कदाचित कुणाला कोर्टात जावंच लागलं नसतं.

शेवटी अर्जदारांनी सांगितलं की आता आणखी बदल करणार नाही, निर्णय द्या. आयोगाने अर्ज फेटाळला. कारणं चार दिली. चार प्रदीर्घ बैठकांनंतरही अर्जदारांनी आयोगाच्या चिंतांना पुरेसा प्रतिसाद दिलेला नाही. मुख्य चिंता गिलमन बुलेवार्डच्या आणि लगतच्या परिसराच्या संदर्भात इमारतीच्या वास्तुरचनेची आहे. शहराची सौंदर्यमूल्यं जपणं आणि वाढवणं ही आयोगाची जबाबदारी आहे. आणि या रस्त्यावर काही विशिष्ट रचनाघटक वेगवेगळ्या प्रकारे एकत्र येऊन शहराच्या वेगळेपणाला साजेसा परिणाम साधतात. चौथ्या कारणाच्या भाषेत त्या सदस्याचं निवेदनच उतरलं होतं.

पहिलं कारण पुन्हा वाचा. ‘पुरेसा प्रतिसाद दिला नाही.’ इथे इमारत नापास होत नाही, माणूस नापास होतो. मोजण्याजोगा निकष हाती नसला की समिती नकळत समोरच्याचा नम्रपणा मोजू लागते. किती वेळा परत आला, किती ऐकलं, किती नाखुशीने ऐकलं. लेखी निकषाशिवाय देखणेपणा तपासणाऱ्या कुठल्याही समितीचं असं होतं, मग ती कुठल्याही देशातली असो.

अपील नगरपरिषदेपुढे गेलं. तिथे लांबलचक चर्चा झाली आणि आयोगाचा निर्णय ४ विरुद्ध ३ मतांनी कायम राहिला. निवडून आलेल्या सात जणांनी तेच कलम वाचलं, तेच नकाशे पाहिले आणि जवळजवळ निम्म्या-निम्म्यावर आले. मग प्रकरण कोर्टात गेलं. किंग काउंटीच्या सुपीरियर कोर्टाने, म्हणजे खालच्या कोर्टाने, अर्जदारांना दाद दिली नाही.

अपील न्यायालय काय म्हणालं

कोर्टापुढच्या प्रश्नाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. देखणेपणासाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला आहे का, यावर अमेरिकेत बराच काळ खल झाला. १९५४ साली ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, समाज निरोगी असावा तसा सुंदरही असावा असं ठरवणं विधिमंडळाच्या अधिकारात येतं, असं मान्य केलं. वेगवेगळ्या राज्यांमधल्या कोर्टांनी तर आणखी पुढे जाऊन स्थानिक मंडळांची पाठराखण केली होती. १९६३ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँड हाइट्स इथे, उंच जुन्या घरांच्या वस्तीत एकमजली, सपाट छपराचं, बऱ्याचशा काचेच्या भिंतींचं घर नाकारणं योग्य ठरलं. १९७० मध्ये मिसूरीतल्या लाड्यू इथे पिरॅमिडच्या आकाराचं घर नाकारलं गेलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार उचलून धरला. त्यामुळे इसाक्वाला आपण सुरक्षित जमिनीवर आहोत असं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९९३ साली निकाल दिला तो वेगळ्या आधारावर. शहराला सौंदर्याचे नियम करता येतात, हे न्यायालयाने मान्यच केलं. प्रश्न नियमाच्या संदिग्धतेचा होता. अमेरिकी कायद्यात १९२६ पासून रूढ असलेली एक कसोटी आहे: सामान्य बुद्धीच्या माणसाला ज्याचा अर्थ अंदाजानेच लावावा लागतो आणि ज्याच्या वापराबद्दल दोन माणसांचं एकमत होणार नाही, असा कायदा ‘योग्य प्रक्रियेच्या’ घटनात्मक हमीचा, म्हणजे सरकारने नागरिकाशी न्याय्य रीतीनेच वागावं या हमीचा, भंग करतो. न्यायालयाने इसाक्वाचं कलम या कसोटीवर घासून पाहिलं. सामान्य नागरिकाला ते वाचून एवढंच कळतं की इमारतीचं दरीशी आणि डोंगरांशी चांगलं नातं असावं, प्रमाणं ‘योग्य’ असावीत, रंग ‘सुसंवादी’ असावेत आणि प्रकल्प ‘रंजक’ असावा. हे शब्द बांधकाम व्यवसायात ठरलेल्या अर्थाने वापरले जाणारे तांत्रिक शब्द नाहीत, आणि कायद्यातही त्यांना रुळलेला अर्थ नाही.

मग न्यायालय बैठकांच्या नोंदींकडे वळलं. कलमाचा अर्थ आयोगाच्या सदस्यांनाही ठाऊक नव्हता, ते नोंदींवरूनच दिसत होतं. प्रत्येक जण स्वतःच्या भावनेकडे पाहून बोलत होता. गिलमन बुलेवार्डवर शहर इमारतींच्या रूपातून स्वतःबद्दल जे काही ‘विधान’ करू पाहतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आयोग त्या अलिखित विधानाची अंमलबजावणी करत होता. रस्त्यावरून गाडी फिरवून चांगली-वाईट उदाहरणं पाहायची आणि त्यावरून कायद्याचा अर्थ ओळखायचा, हे अर्जदारावर लादता येत नाही आणि आयोगालाही करू देता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. वर अपिलाची सोय आहे म्हणून संदिग्ध कलम शुद्ध होत नाही, हेही.

देखणेपणाचे निकष लिहिताच येत नाहीत, या युक्तिवादाला न्यायालयाने थारा दिला नाही. इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वास्तुरचनाकारांच्या आणि भूदृश्य रचनाकारांच्या व्यावसायिक संघटना या खटल्यात न्यायालयाला साहाय्य करायला पुढे आल्या, आणि इतर शहरांनी असे निकष कसे लिहिले आहेत याचे नमुने त्यांनी आपल्या निवेदनाला जोडले. रोज आराखडे काढणाऱ्यांनीच दाखवून दिलं की हे करता येतं.

निकालाची शेवटची कलाटणीही न्याय्य वाटते. परवानगी द्या, असा आदेश झाला. पण सुनावण्यांच्या दरम्यान अर्जदारांनी स्वतः जे बदल कबूल केले होते ते अट म्हणून लादण्याची शहराला मुभा राहिली. म्हणजे चार बैठकांतून जे खरोखर सुधारलं होतं, ते वाया गेलं नाही.

मग लिहायचं कसं

या निकालावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. सगळं मोजमापात बसवलं तर गावं एकाच साच्यातली होतील. ‘वीट इतके टक्के, उतार इतका’ असं ठरलं की स्वस्तातला विकसक तेवढंच करेल आणि इमारत नियमात बसूनही कुरूप राहील. हे घडतं. मोजता येणारा नियम वाईट इमारत अडवू शकतो, पण चांगली इमारत घडवू शकत नाही.

तरीही मी न्यायालयाच्या बाजूने आहे. चांगली इमारत घडवण्याचं काम आखणाऱ्याचं आहे. समितीने ते अंगावर घेतलं की काय होतं ते गिलमन बुलेवार्डवर दिसलं. आणि मोजमाप हा एकच मार्ग नाही. चित्र काढता येतं. ‘सलग भिंत टाळावी’ या वाक्याशेजारी दोन रेखाटनं असली, एकात भिंत कोरी आणि दुसऱ्यात दर काही फुटांवर खाच, तर आखणाऱ्याला जे कळायचं ते कळतं, आणि समितीलाही त्या चित्राच्या बाहेर जाता येत नाही. पर्याय देता येतात: या पाच उपायांपैकी कुठलेही दोन वापरा. कुठल्या रस्त्याला कुठलं वळण हवं ते आधी नकाशावर आखता येतं. गिलमन बुलेवार्ड खरंच शहराची ओळख असेल, तर कुठून कुठपर्यंत आणि कुठल्या गोष्टींमुळे, हे आधी जाहीर करता येतं. मग पेट्रोल पंप शेजार धरायचा की अलेक्झांडर हाउस, हा प्रश्न अर्जदाराच्या गळ्यात पडत नाही.

हे सगळं लिहून काढणं कष्टाचं आहे. गावातल्या लोकांना एकत्र बसवून ‘आपल्याला नेमकं काय आवडतं’ हे ठरवावं लागतं, त्यात भांडणं होतात, वर्षं जातात. संदिग्ध कलम लिहून समिती नेमली की ते भांडण टळतं असं वाटतं. खरं तर ते पुढे ढकललं जातं, आणि पुढच्या प्रत्येक अर्जदाराच्या खर्चाने पुन्हा पुन्हा होत राहतं.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, शेजारच्या सिएटलने आपली रचना-परीक्षणाची पद्धत सुरू केली, तीही लेखी मार्गदर्शक तत्त्वांच्या आधाराने. २०२३ साली वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने यावर कायदाच केला. राज्याच्या वाढ-नियोजन कायद्याखाली येणाऱ्या शहरांना आता इमारतीच्या बाह्यरूपाबाबत फक्त स्पष्ट आणि वस्तुनिष्ठ नियम लावता येतात. आपला आराखडा चालेल की नाही हे अर्जदाराला स्वतः पडताळून पाहता येईल, असा किमान एक निकष त्या नियमांत असावा लागतो. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारती आणि परिसर यांना यातून सूट आहे. आणि बाह्यरूपाच्या तपासणीसाठी एका अर्जावर जास्तीत जास्त एकच जाहीर बैठक घेता येते.